बंद शोरूममध्ये राहून गेलेली गाडी : शोधापासून रस्त्यापर्यंत, खान्देशातल्या नवख्यांसाठी

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यापाशी एकमेकांना छेदतात. वळणरस्ते झाल्यापासून शांत झालेल्या त्यांच्या जुन्या तुकड्यांवर, तसेच अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा यांसारख्या तालुक्याच्या गावांत, आजही काही अशी शटरे दिसतात की ज्यांवरची मोटार कंपनीची पाटी उन्हाने पांढरी पडली आहे आणि ज्यांच्या फटीतून पाहिल्यास धुळीच्या थराखाली एखाद्या बॉनेटचा उंचवटा ओळखू येतो. अशा गाड्या भंगारच्या काट्यावर जाण्याआधी वाचाव्यात असे मला मनापासून वाटते, आणि या कामात जे शिकलो ते नव्याने शोध घेणाऱ्याला उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट आरंभीच सांगतो. गाडी दिसल्यापासून ती जागेवरून हलेपर्यंत आपण जे करतो, त्यावर तिचे पुढचे आयुष्य ठरते. इंजिनाचे काम नंतर कोणताही चांगला मिस्त्री करून देतो. मालकाचा तुटलेला धागा आणि घाईने फाटलेला पत्रा मात्र परत मिळत नाही.

गाड्या तिथे का राहिल्या

हे समजल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, कारण गाडी कशामुळे मागे राहिली यावरच ती कोणाची हे ठरते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे, आणि तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याहून हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर येई, तर मद्रासहून स्टँडर्ड हेराल्ड. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, अशा त्या काळात विक्रेत्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली, १९९१ नंतर बाजार खुला झाला, आणि जुन्या कंपन्यांवर विसंबलेले विक्रेते एकामागून एक बंद पडले. स्टँडर्डचे मोटारउत्पादन १९८० चे दशक संपण्यापूर्वीच थांबले, पद्मिनीचे २००० च्या सुमारास आणि अ‍ॅम्बेसेडरचे २०१४ मध्ये.

दुकान बंद होताना नव्या गाड्या सहसा मागे राहत नाहीत. त्या विकल्या जातात किंवा कंपनी परत घेते. मागे राहते ती दुरुस्तीला आलेली आणि बिल न भरल्यामुळे अडकलेली गाडी, नव्या गाडीच्या बदल्यात घेतलेली पण नाव न बदललेली गाडी, विमा कंपनीशी वाद चालू असलेली अपघातग्रस्त गाडी, कर्ज थकल्यामुळे बँकेने ओढून आणलेली गाडी, किंवा दुकानाच्या मालकाने स्वतःच्या वापरासाठी ठेवलेली गाडी. या पाचही गाड्यांचे कायदेशीर मालक वेगवेगळे असतात, आणि शटरची किल्ली ज्याच्याकडे आहे तो त्यांपैकी बहुतेकांचा मालक नसतो.

खान्देशात काय सापडेल याबद्दल वास्तव अपेक्षा ठेवावी. मोठ्या मोटारींच्या एजन्सी मोठ्या शहरांतच असत. आपल्याकडे बहुधा अधिकृत दुरुस्ती केंद्रे, उपविक्रेते आणि स्कूटर–ट्रॅक्टरची दुकाने होती. त्यामुळे पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, महिंद्रची जीप, बजाज चेतक, येझदी हीच नावे पुन्हापुन्हा समोर येतात. जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ ते १९५४ या काळात गाड्या जोडल्या, आणि त्या काळातील एखादी शेव्हरोले जुन्या जिनिंगच्या आवारात निघू शकते, परंतु तिच्या आशेवर समोरची पद्मिनी सोडू नये.

विचारपूस कोणाकडे करावी

रस्त्याने फिरून शटरे पाहणे हे शोधाचे सर्वांत कमी फळ देणारे अंग आहे. खरी माहिती निवृत्त मिस्त्रींकडे, सीटचे कुशन शिवणाऱ्यांकडे, रेडिएटरवाल्यांकडे, स्पेअर पार्टच्या जुन्या दुकानदारांकडे आणि पेट्रोल पंपांवर हयात घालवलेल्या माणसांकडे असते. भुसावळसारख्या रेल्वे आणि आयुध निर्माणीच्या गावात बदलीवर आलेली माणसे गाडी गॅरेजला लावून पुढच्या गावी निघून गेली, असे किस्से जुन्या मिस्त्रींना पाठ असतात. आबा, अण्णा, नाना म्हणून आदराने बसावे, चहा घ्यावा, आणि पहिल्याच भेटीत “विकायची आहे का” हा प्रश्न विचारू नये. हा प्रश्न ऐकला की समोरच्याला ती गाडी भंगार वाटेनाशी होते आणि दुसऱ्या दिवशी किंमत तिप्पट होते. त्याहून वाईट म्हणजे आपल्या मागोमाग खरा भंगारवालाही तिथे पोहोचतो.

आत जाण्यापूर्वी

मालकाच्या किंवा जागेच्या ताबेदाराच्या परवानगीविना आत पाऊल टाकणे हा गुन्हा ठरू शकतो, मग शटर तुटलेले असो वा भिंत पडलेली. साध्या कागदावर दोन ओळींची परवानगी लिहून घ्यावी, तारीख घालावी, आणि जागा देणाऱ्या माणसालाच सोबत आत न्यावे. काळ्या मातीवरच्या जुन्या इमारतींच्या भिंतींना माती फुगण्या–आक्रसण्यामुळे तडे गेलेले असतात, तेव्हा छताकडे आधी पाहावे. उंच बूट, जाड हातमोजे आणि विजेरी लागतेच, कारण सीटखाली उंदरांची घरटी असतात आणि उंदीर जिथे असतात तिथे नाग किंवा घोणस येतो. विंचू तर दाराच्या फटीतही निघतो. गंजलेले शटर उघडण्यासाठी गॅस कटर लावण्याचा आग्रह कोणी धरला तर ठाम नकार द्यावा, कारण जुन्या टाकीत द्रव पेट्रोल उरले नसले तरी पेटणारी वाफ उरलेली असू शकते.

पहिला दिवस फक्त पाहण्याचा

पहिल्या दिवशी कशालाही हात न लावता छायाचित्रे घ्यावीत : गाडी कुठे उभी आहे, चाके कोणत्या दिशेला आहेत, भोवती काय पडले आहे, भिंतीवर काय टांगले आहे. धूळ कोरड्या फडक्याने पुसण्याचा मोह होतो, तो टाळावा. आपल्याकडची धूळ बारीक वाळूसारखी असते आणि एका फटक्यात मूळ रंगावर ओरखडे पाडते. पुढे कधी गाडी धुवायची वेळ आली तर वरून हलके पाणी सोडून धूळ वाहू द्यावी.

त्यानंतर कागद शोधावेत. काचेवरचा कराचा बिल्ला, डॅशबोर्डच्या कप्प्यातली विम्याची पावती, सर्व्हिसचे कूपन, आरशाला अडकवलेली चिठ्ठी, यांवरून गाडी शेवटची कधी चालली हे साधारण महिन्यापर्यंत ठरवता येते. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये, कारण जुन्या मीटरमध्ये पाचच अंक असत आणि ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येई.

आणि मग कार्यालयाच्या खोलीकडे वळावे. माझ्या अनुभवात या शोधातली सर्वांत मौल्यवान वस्तू गाडी नसून तिच्याशेजारच्या खोलीतली वही असते. एका तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या दुरुस्ती केंद्रात मला पद्मिनी आढळली, तेव्हा जागेच्या सध्याच्या ताबेदारांना ती कोणाची हे ठाऊक नव्हते. लोखंडी कपाटातल्या जॉब कार्डांच्या गठ्ठ्यात तिचा नंबर निघाला. समोर ब्रेक आणि क्लचचे काम, अंदाजे खर्च, आणि शेजारच्याच गावचा पत्ता लिहिलेला होता. त्या पत्त्यावर गेल्यावर मालकांच्या कन्या भेटल्या. वडील आजारी पडले, गाडी आणायची राहून गेली, आणि पुढे तो विषय काढणे घरात सर्वांनाच जड झाले, असे त्यांनी सांगितले. आर.सी. बुक त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. त्या जॉब कार्डाविना ती गाडी कायमची निनावी राहिली असती, आणि निनावी गाडीला भंगाराशिवाय वाट नसते.

म्हणून विक्रीची वही, जॉब कार्डे, सुट्या भागांची यादी, कंपनीने दिलेली खास हत्यारे, वेष्टनातले न वापरलेले भाग आणि मीनाकाम केलेली पाटी, या सर्वांची छायाचित्रांसह नोंद करावी. मालकाने दिल्यास त्या विकत घ्याव्यात, आणि निदान वहीची पाने तरी टिपून ठेवावीत. लुकास टीव्हीएसचा डायनॅमो किंवा मायकोचे प्लग मूळ डब्यात मिळाले, तर आज बाजारात शोधण्याचे कित्येक महिने वाचतात.

गाडी कोणाची, हे कागदावर ठरवणे

येथे सर्वाधिक वेळ जातो आणि येथेच बहुतेक नवखे फसतात. “माझे दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत, त्यामुळे गाडी माझी” असे गॅरेजमालक मनापासून सांगतो, आणि त्याचा तो समज प्रामाणिकही असतो. परंतु भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार दुरुस्ती करणाऱ्याला बिल मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आहे; ती विकण्याचा हक्क हे कलम देत नाही. मालविक्री कायदा, १९३० चे तत्त्वही हेच आहे की स्वतः मालक नसलेल्याकडून घेणाऱ्याला साधारणपणे मालकी मिळत नाही. तेव्हा पैसे जागेवाल्याला देऊन मोकळे होऊ नये. आर.सी. बुकावर ज्याचे नाव आहे तो, तो हयात नसेल तर त्याचे वारस, कर्ज असेल तर बँक, आणि विक्रेता कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर न्यायालयाने किंवा कंपनी न्यायाधिकरणाने नेमलेला अवसायक (लिक्विडेटर), यांच्याशीच व्यवहार करावा. जागेवाल्याची बाकी असल्यास ती मालकामार्फत, पावती घेऊन चुकती करावी. तसे केल्याने दोन्ही बाजू समाधानी राहतात.

पाटीवरचा नंबर पाहून गाडी कुठली ते कळते. मोटार वाहन कायदा, १९८८ नंतरच्या पद्धतीत एमएच–१८ म्हणजे धुळे, एमएच–१९ म्हणजे जळगाव आणि एमएच–३९ म्हणजे नंदुरबार. त्याआधीच्या महाराष्ट्रातील नंबरांत एम पासून सुरू होणारी तीन अक्षरे असत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे शहादा–तळोद्याच्या जुन्या गाडीची मूळ नोंद धुळ्याच्या दप्तरात असू शकते. इतक्या जुन्या गाड्या परिवहनच्या ऑनलाइन प्रणालीत पुष्कळदा दिसत नाहीत. तेव्हा परिवहन कार्यालयात अर्ज करून जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूळ आर.सी. बुक सोन्यासारखे उपयोगी पडते. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पेन्सिलने कागदावर घासून छाप घ्यावा आणि आर.सी.तल्या अंकांशी एकेक करून ताडून पाहावा. इंजिन बदललेले निघाल्यास घाबरण्याचे कारण नाही, मात्र ती गोष्ट व्यवहारापूर्वी उघड व्हावी. चोरीची किंवा गुन्ह्यातली गाडी नाही ना, याची चौकशी पोलीस ठाण्यात करून घ्यावी.

फॉर्म लक्षात ठेवणे अवघड नाही. विक्रीच्या हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे करण्यासाठी ३१, जाहीर लिलावात घेतलेल्या गाडीसाठी ३२, हरवलेल्या आर.सी.च्या दुसऱ्या प्रतीसाठी २६, बँकेचा बोजा उतरवण्यासाठी ३५, आणि मुदत संपलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी २५. कधीच नोंदणी न झालेली, म्हणजे शोरूममध्येच राहिलेली कोरी गाडी सापडली, तर तिचा मोह जपून करावा : १ एप्रिल २०२० पासून नव्या नोंदणीसाठी बीएस–६ प्रदूषण मानक लागू आहे, आणि तशी गाडी नेहमीच्या मार्गाने रस्त्यावर येऊ शकत नाही. ती प्रदर्शनात ठेवण्याजोगी वस्तू आहे असे समजूनच किंमत ठरवावी. काळी–पिवळी म्हणून चाललेली जीप असेल तर ती खासगी नोंदीत आणण्याचे वेगळे सोपस्कार आधी विचारून घ्यावेत.

पत्रा आणि किंमत

खान्देशच्या कोरड्या हवेचा या गाड्यांवर उपकार आहे. कोकणात एवढी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा हाताने मोडला असता. इथे वरचा पत्रा बहुधा ठणठणीत निघतो. पण ४५ अंशांवर जाणारा उन्हाळा रबर, सीट आणि डॅशबोर्ड यांची वाट लावतो, आणि पावसाळ्यात जमिनीतून येणारी ओल खालून गाडी खाते. म्हणून बॉनेटच्या चकाकीवर न जाता गाडीखाली जावे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळाचा पत्रा, दारांखालचे उंबरे, डिकीचा तळ, बॅटरीची बैठक आणि मागचे कमानपाटे जिथे अडकवलेले असतात ती जागा ठोकून पाहावी. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद्द आवाज आला तर आत गंज आहे. फडक्यात गुंडाळलेले चुंबक पत्र्यावरून फिरवल्यास लांबी (खळगे बुजवायचा लेप) कुठे भरली आहे ते लगेच कळते. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर यांना वेगळी चॅसी नसते, पत्र्याची घडणच सगळा भार पेलते, त्यामुळे त्यांच्या तळाचा गंज हा सजावटीचा प्रश्न राहत नाही. जीप आणि स्टँडर्ड हेराल्ड यांना स्वतंत्र चॅसी असल्याने तिथे वरचा पत्रा बदलणे तुलनेने सोपे जाते.

किमतीचा तळ म्हणजे भंगाराचा भाव. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो असते, त्यावरून हिशोब करावा. त्याच्या वरची प्रत्येक रक्कम ही पूर्ण कागद, शाबूत तळ आणि जागेवर असलेल्या काचा, जाळी, क्रोमच्या पट्ट्या, हँडले यांसाठी द्यायची असते. इंजिनचे भाग मिळतात, हरवलेली पट्टी मिळत नाही.

जागेवरून हलवणे

आपल्या मातीत पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये. दिवाळीनंतर कागदांचे काम सुरू करावे आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत गाडी उचलून न्यावी, हा माझा नेम आहे. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लावणेही कठीण होते. ब्रेक शू ड्रमला चिकटलेले असतात, तेव्हा टोचन लावून ओढल्यास चाके फरफटतात आणि ड्रम किंवा एक्सल तुटतो. गाडी जॅकवर घ्यावी, खाली लाकडी ठोकळे द्यावेत, शूचे समायोजन सैल करावे, ड्रमच्या कडेला लाकडी हातोडीने हलके ठोकत फिरवावे, आणि चाके मोकळी झाल्यावरच गाडी सपाट टेम्पोवर चढवावी. जुन्या शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करावी. जुने टायर कितीही काळे दिसले तरी ते केवळ ढकलण्यापुरतेच आहेत असे समजावे. पद्मिनीला ५.२०–१४ आणि अ‍ॅम्बेसेडरला ५.९०–१५ हे माप लागते.

इंजिन जागे करणे

सुरुवातीच्या काळात एका अ‍ॅम्बेसेडरचे अडकलेले इंजिन मी गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढून सोडवले. ते सुटले, पण रिंग तुटून सिलिंडरला खोल चर पडला, आणि हाताने आठवडाभरात होणारे काम बोअरिंगपर्यंत गेले. त्या चुकीची खंत अजून आहे. तेव्हा बॅटरी जोडण्यापूर्वी चारही प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर गंज सोडवणारे तेल घालावे, तीन–चार दिवस थांबावे, पुन्हा घालावे, आणि मग पुढच्या पुलीचा नट पान्यात धरून किंवा स्टार्टिंग हँडल लावून इंजिन केसभर पुढे, केसभर मागे असे हलवावे. जोर करू नये. पूर्ण फेरा फिरू लागल्यावर टॅपेटचे झाकण काढून सर्व व्हॉल्व्ह वर–खाली होतात की नाही ते पाहावे, जुने तेल काढून नवे भरावे, आणि प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारून तेलाचा दाब येतो का ते तपासावे.

बॅटरी जोडताना एक सावधगिरी बाळगावी : काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. उलटी जोडल्यास जुनी वायरिंग जळू शकते, आणि उंदरांनी कुरतडलेली वायर तर लगेच पेट घेऊ शकते. पहिल्या चालूकरणाच्या वेळी अग्निशामक जवळ ठेवावा आणि पेट्रोल टाकीतून न देता बाहेरच्या लहान डब्यातून कार्बोरेटरला द्यावे, कारण टाकीत गंज आणि वार्निशासारखा चिकट थर असतो, तो कार्बोरेटरमध्ये गेला की पुन्हा सगळे खोलावे लागते. रेडिएटरच्या नळ्या, फॅनबेल्ट, ब्रेकच्या रबरी नळ्या आणि मास्टर सिलिंडरचे वॉशर न तपासताच बदलावेत.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. या इंजिनांची रचना शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहे, ते २००० साली देशभरातून हद्दपार झाले; आणि आज पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुने रबर फुगवते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवाव्यात, टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवू नये, आणि हेड उतरवण्याचा प्रसंग आलाच तर कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात.

रस्त्यावर

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी होऊन ५ वर्षांसाठी वाढते. जुन्या गाडीवर पर्यावरण कर आणि वाढीव शुल्क लागते, ते अर्जाच्या दिवशी कार्यालयातच विचारून भरावे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी–चारचाकीसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद झाली. तिचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात. १९७४ ची पद्मिनी आता त्या वयाची झाली आहे. पण ही नोंदणी घेतलेली गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. शेतावर किंवा बाजाराला कधीमधी गाडी न्यायची असेल तर नेहमीचे नूतनीकरणच घ्यावे, असा माझा सल्ला राहील.

नोंदणी आणि विमा हाती आल्यावर पहिली फेरी पहाटे, गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर आणि वेग ४० च्या आत ठेवून करावी. पाच किलोमीटरवर थांबून चारही ड्रमना हात लावून पाहावा. एखादा इतरांहून गरम लागल्यास त्या चाकाचा ब्रेक धरतो आहे. पन्नास किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट आणि हेडचे बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि पाचशेवर इंजिनचे तेल बदलावे.